सातशे चौदाच्या पलीकडे

१९७३ या एका वर्षात हँक ॲरन या बेसबॉलपटूच्या नावावर सुमारे नऊ लाख तीस हजार पत्रं आली. राजकारणी सोडले तर त्या वर्षी अमेरिकेत एवढं टपाल दुसऱ्या कोणालाही आलं नव्हतं. टपाल खात्यानं त्याबद्दल त्याला मानचिन्ह दिलं. शाळकरी मुलांची पत्रं होती, सह्या मागणारी होती, शुभेच्छांची तर पुष्कळच होती. पण त्यातच हजारो पत्रं अशी होती की ती वाचून पोलिसांनी त्याच्यासोबत कायमचा अंगरक्षक दिला. तू मैदानावर उतरलास तर गोळी घालू, असं त्यांत लिहिलेलं असायचं. शिव्या असायच्या, वर्णावरून असायच्या. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात शिकणाऱ्या त्याच्या मुलीला पळवून नेण्याची धमकी आली, तेव्हा एफबीआयला तिच्यावर लक्ष ठेवावं लागलं. संघ परगावी गेला की ॲरनच्या नावावर एक खोली घेतली जायची आणि तो झोपायचा दुसऱ्याच खोलीत. मैदानातून तो मागच्या दारानं बाहेर पडायचा.

त्याचा गुन्हा एवढाच की तो चेंडू कुंपणापार मारत होता, आणि मारता मारता ७१४ या आकड्याजवळ आला होता. हा आकडा बेब रूथचा होता. रूथ गोरा होता, ॲरन काळा.

खेळातल्या विक्रमांबद्दल आपण बोलतो तेव्हा आकडा हीच सगळ्यात निर्मळ गोष्ट आहे असं धरून चालतो. माणसं पक्षपाती असतील, पंच चुकतील, पण आकडा खोटं बोलत नाही. बेसबॉलवर जीव टाकणारी माणसं तर आकड्यांवरच जगतात. गेल्या दीडशे वर्षांतल्या प्रत्येक सामन्याचा हिशेब त्यांना हवा असतो. म्हणूनच या खेळाच्या इतिहासातला होमरनचा विक्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. वहीत काय लिहायचं हे ठरवण्याआधी कोणाचं लिहायचं हे कुणीतरी ठरवलेलं असतं, हे या एका विक्रमाच्या वाटचालीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. होमरन म्हणजे साधारण आपला षटकार, पण तो मिळवणं कितीतरी अवघड. बॅट गोल. पिचर साडेसाठ फुटांवरून फेकतो तो चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत अंगावर येतो, टप्पा न पडता. चेंडू मागे किंवा बाजूला गेला तर त्याची किंमत नाही. समोरच्या काटकोनातूनच तो कुंपणापार जायला हवा. एका सामन्यात बॅटरला जेमतेम चार-पाच वेळा संधी मिळते. दहापैकी तीनदा हिट मिळवणारा बॅटर थोर गणला जातो, म्हणजे सातदा अपयशी ठरूनही. सध्या हंगामात १६२ सामने असतात आणि त्यांत चाळीस होमरन मारणाऱ्याचं वर्ष झकास गेलं असं म्हणतात. दरवर्षी चाळीस या हिशेबानं ७१४ गाठायला जवळजवळ अठरा वर्षं लागतात.

बेब रूथनं ते गाठलं अशा काळात, जेव्हा होमरन ही चीजच दुर्मीळ होती. १९१९च्या अंतिम मालिकेत शिकागोच्या खेळाडूंनी सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचं उघड झालं, आठ जणांवर आयुष्यभराची बंदी आली आणि लोकांचं या खेळावरून मन उडेल अशी वेळ आली. त्याच सुमारास न्यूयॉर्क यँकीजनं बॉस्टनकडून विकत घेतलेला हा दांडगा, खाण्यापिण्याचा शौकीन, अनाथांच्या शाळेत वाढलेला माणूस १९२० साली ५४ वेळा चेंडू कुंपणापार धाडून मोकळा झाला. १९२७ मध्ये त्यानं ६० होमरन मारले. त्या वर्षी यँकीज ज्यात खेळत त्या अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही अख्ख्या संघाला मिळून एवढे मारता आले नव्हते. यँकीजच्या नव्या स्टेडियमला लोक रूथनं बांधलेलं घर म्हणत. मंदीच्या दिवसांत तो अमेरिकेचा लाडका राजा होता.

२५ मे १९३५ या दिवशी पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर रूथनं एकाच सामन्यात तीन होमरन मारले. तिसरा उजवीकडच्या छपरावरून बाहेर गेला. तोच त्याचा शेवटचा, ७१४वा. पुढच्या काही दिवसांत तो निवृत्त झाला.

त्याच पिट्सबर्ग शहरात, तिथून थोड्याच अंतरावर, ग्रीनली फील्ड नावाचं दुसरं मैदान होतं. त्या वर्षी तिथे पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हा संघ खेळत होता आणि त्यांचा कॅचर होता तेवीस वर्षांचा जॉश गिब्सन. काळे वृत्तपत्रकार त्याला काळा बेब रूथ म्हणायचे. ज्यांनी दोघांनाही पाहिलं होतं, त्यांतले काही जण रूथलाच गोरा जॉश गिब्सन म्हणत. रूथ आणि गिब्सन कधी एका लीगमध्ये खेळले नाहीत, कारण खेळू दिलं गेलं नाही. कायदा नव्हता, नियमपुस्तकात ओळ नव्हती. मालकांमधला एक न लिहिलेला करार होता. १८८४ मध्ये टोलीडोकडून मोझेस फ्लीटवूड वॉकर खेळला, त्यानंतर दार बंद झालं ते १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरेपर्यंत बंदच राहिलं. म्हणजे रूथचे ७१४च्या ७१४ होमरन अशा लीगमधले आहेत, जिथे त्याला एकाही काळ्या पिचरला तोंड द्यावं लागलं नाही. रूथचा यात दोष नाही आणि त्याचा पराक्रम खोटा नाही. पण पवित्र मानल्या गेलेल्या त्या आकड्याच्या पोटात हे आहे.

पवित्र आकड्याला हात लावणाऱ्याचं काय होतं, हे ॲरनच्या आधी एका गोऱ्या माणसानंही भोगलं. १९६१ साली यँकीजचाच रॉजर मॅरिस रूथच्या ६० होमरनच्या मागे लागला. अबोल, पत्रकारांपुढे अवघडणारा माणूस. लोकांना विक्रम मोडलाच तर त्याचा संघसहकारी मिकी मँटलनं मोडावा असं वाटत होतं. त्या वर्षी लीगचा हंगाम १५४ सामन्यांवरून १६२ झाला होता. बेसबॉलचा कमिशनर फोर्ड फ्रिक पूर्वी वार्ताहर होता आणि रूथच्या नावानं छापून येणारे लेख तो स्वतः लिहायचा. भर हंगामात, जुलैमध्ये त्यानं जाहीर केलं की १५४ सामन्यांच्या आत जमलं तरच रूथचा विक्रम मोडला असं धरू, नाहीतर वेगळी नोंद ठेवू. मॅरिसचे केस ताणानं झुबक्यांनी गळू लागले. १५४ सामने संपले तेव्हा तो ५९वर होता. १ ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, त्यानं ६१वा मारला, तोही तेवीस हजार लोकांपुढे. यँकी स्टेडियम निम्मंसुद्धा भरलं नव्हतं. पुढे तीस वर्षं नोंदी दोन राहिल्या: एक रूथची, एक मॅरिसची. १९९१ मध्ये एका समितीनं हा भेद पुसला, पण मॅरिस १९८५मध्येच गेला होता. स्वतःचं नाव वहीत एकटं उभं असलेलं त्यानं पाहिलं नाही. अमेरिकन लीगमधला त्याचा ६१चा आकडा २०२२ मध्ये ॲरन जजनं ६२ करेपर्यंत टिकला.

०००

हँक ॲरन १९३४ साली अलाबामातल्या मोबील गावी जन्मला, ५ फेब्रुवारीला. योगायोग असा की रूथची जन्मतारीख ६ फेब्रुवारी. लहानपणी ॲरन बॅट उलट्या हातांनी धरायचा, म्हणजे उजव्या हाताच्या बॅटरनं वर ठेवायचा हात तो खाली ठेवायचा. कुणी शिकवणारं नव्हतं. १९५२ मध्ये तो इंडियानापोलिस क्लाउन्स या काळ्यांच्या लीगमधल्या संघात गेला. रॉबिन्सनला येऊन पाच वर्षं झाली होती, गोऱ्यांच्या लीग चांगले काळे खेळाडू एकेक करून उचलत होत्या आणि काळ्यांच्या लीग त्यामुळे सुकत चालल्या होत्या. त्या दिवसांतला एक प्रसंग ॲरन आयुष्यभर सांगत आला. वॉशिंग्टनमध्ये पावसानं सामना थांबला होता आणि संघ स्टेडियममागच्या एका हॉटेलात न्याहारी करत होता. खाऊन झाल्यावर आतून काचा फुटल्यासारखे आवाज येऊ लागले. काळ्यांनी ज्या बश्यांत खाल्लं, त्या बश्या फोडून टाकल्या जात होत्या. राजधानीच्या शहरात. कुत्र्यांनी त्या बश्यांत खाल्लं असतं तर त्या धुऊन घेतल्या असत्या, असं तो म्हणायचा.

ब्रेव्हज संघानं त्याला घेतलं. १९५३ मध्ये जॅक्सनव्हिलकडून तो दक्षिणेकडच्या सॅली लीगमध्ये खेळला. तिथे काळे खेळाडू प्रथमच उतरत होते, आणि तो त्या पहिल्या मोजक्यांतला. सामना संपला की गोरे सहकारी हॉटेलात जात आणि तो गावातल्या काळ्या वस्तीत कुणाच्या तरी घरी. त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढच्या वर्षी, एप्रिल १९५४ मध्ये, तो मिलवॉकी ब्रेव्हजकडून मुख्य लीगमध्ये आला. बॉबी थॉमसनचा घोटा मोडला म्हणून जागा रिकामी झाली होती.

ॲरनच्या कारकिर्दीत मला सगळ्यात थोर वाटतं ते त्याचं सातत्य. कोणत्याही एका हंगामात त्यानं पन्नास होमरन मारले नाहीत. त्याचा सर्वोच्च आकडा ४७, तोही सदतीस वर्षांचा असताना, १९७१ मध्ये. पण १९५५ ते १९७४ अशी सलग वीस वर्षं तो वीसच्या खाली आला नाही. त्याचा समकालीन विली मेज टोपी उडवत धावायचा, मँटल न्यूयॉर्कचा लाडका होता. ॲरन मिलवॉकीसारख्या आडबाजूच्या शहरात मनगटं फिरवत राहिला. त्याच्या ३,७७१ हिटमधून सगळे होमरन काढून टाकले तरी तीन हजारांवर उरतात. तेवढ्यावरही तो महान ठरला असता. म्हणूनच तो रूथच्या इतक्या जवळ येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तोवर ब्रेव्हज १९६६ मध्येच मिलवॉकी सोडून अटलांटाला आले होते. ॲरनच्या मनात दक्षिणेत परत जायचं नव्हतं. बालपणी जे पाहिलं तेच पुन्हा वाट्याला येईल ही त्याची भीती होती, आणि पत्रांच्या पोत्यांनी ती खरी केली.

१९७३चा हंगाम त्यानं ७१३वर संपवला. एकोणचाळिसाव्या वर्षी चाळीस होमरन, आणि एक कमी. शेवटच्या दिवशी अटलांटात चाळीस हजार लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग सहा महिने थांबायचं होतं. त्या हिवाळ्यात, पुढच्या हंगामापर्यंत आपण जिवंत राहू का, असा प्रश्न त्याच्या मनात होता. अटलांटातल्या एका दैनिकाच्या क्रीडा संपादकानं त्याचा मृत्युलेख लिहवून तयार ठेवला होता. संपादकाचं चुकलं असं म्हणता येत नाही. शहरात हवाच तशी होती.

४ एप्रिल १९७४ला सिनसिनाटीत हंगाम सुरू झाला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाला त्या दिवशी सहा वर्षं होत होती. सामन्याआधी क्षणभर शांतता पाळावी अशी विनंती ॲरननं केली. यजमान संघानं ती मानली नाही. मग तो बॅटिंगला आला आणि हंगामातल्या आपल्या पहिल्याच फटक्याला चेंडू कुंपणापार गेला. ७१४. बरोबरी झाली. अटलांटाच्या व्यवस्थापनाला त्यानं सिनसिनाटीत बसून राहावं आणि विक्रम घरच्या मैदानावर व्हावा असं वाटत होतं, पण कमिशनर बोवी कुन यांनी तीनपैकी दोन सामने त्यानं खेळलेच पाहिजेत असा हुकूम काढला होता. हे कुन पुढच्या सोमवारी, अटलांटात इतिहास घडत असताना, क्लीव्हलंडला एका भोजनसमारंभात होते. आपल्या जागी त्यांनी प्रतिनिधी म्हणून मॉन्टे अर्व्हिनला पाठवलं. कुन यांचं नाव उच्चारलं गेलं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कमिशनरनं त्या रात्री तिथे असायलाच हवं होतं, याबद्दल आज पन्नास वर्षांनीही दुमत होण्याचं कारण नाही.

सोमवार, ८ एप्रिल १९७४. अटलांटाचं स्टेडियम ५३,७७५ लोकांनी भरलं होतं; तिथली तोवरची सर्वांत मोठी गर्दी. समोर लॉस एंजेलिस डॉजर्स, पिचर अल डाउनिंग. तोही काळा, आणि त्याच्याही पाठीवर ॲरनसारखाच ४४ आकडा. पहिल्या वेळी ॲरनला मारण्याजोगा चेंडू मिळालाच नाही; त्यानं बॅट न उगारता पहिला बेस घेतला. चौथ्या डावात तो पुन्हा आला. पहिला चेंडू जमिनीवर आपटला. दुसरा जरा वर राहिला. रात्रीचे नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. चेंडू डावीकडच्या मध्यावर उंच गेला, डॉजर्सचा बिल बकनर कुंपणावर चढून पाहत राहिला, आणि पलीकडे, राखीव पिचर हात गरम करत बसतात तिथे, टॉम हाउस या ब्रेव्हजच्याच खेळाडूनं तो झेलला.

त्या धावेचं चित्रण आज कुणालाही पाहता येतं, आणि पाहावंच. ॲरन हात उंचावत नाही, उड्या मारत नाही. मान किंचित खाली घालून तो नेहमीच्याच चालीत बेस ओलांडत जातो. डॉजर्सचे खेळाडू वाटेत हात पुढे करतात. दुसऱ्या बेसपाशी दोन गोरी पोरं प्रेक्षकांतून पळत येतात आणि त्याच्या पाठीवर थोपटतात. ती नुसती आनंदानं वेडावलेली सतरा वर्षांची मुलं होती, पण ते कुणाला ठाऊक? अंगरक्षक कॅल्व्हिन वॉर्डलॉ दुर्बिणीच्या पिशवीत पिस्तूल घेऊन प्रेक्षकांत बसला होता. पिस्तूल काढायचं की नाही हे त्यानं त्या एक-दोन क्षणांत ठरवलं. त्यानं काढलं नाही. होमप्लेटवर संघसहकाऱ्यांच्या गराड्यात आई एस्टेला शिरल्या आणि त्यांनी मुलाला असं घट्ट धरलं की सुटेना. कुणी गोळी घातली तर ती आधी मला लागावी म्हणून मी त्याला धरून ठेवलं, असं त्या नंतर म्हणाल्या.

डॉजर्सचा समालोचक विन स्कली बराच वेळ गप्प राहिला. टाळ्यांचा आवाज त्यानं तसाच घरोघर जाऊ दिला. मग तो जे बोलला त्याचा आशय असा होता की दक्षिणेच्या अगदी पोटात एका काळ्या माणसाला लोक उभे राहून मानवंदना देत आहेत, आणि देशासाठी हा क्षण केवढा मोठा आहे. मायक्रोफोन हाती आल्यावर ॲरन मात्र एवढंच म्हणाला की देवाची कृपा, एकदाचं संपलं. कोणत्याही विक्रमवीराच्या तोंडून इतकं उदास वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद त्या पत्रांनी हिरावून घेतला, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. ती पत्रं त्यानं टाकली नाहीत, जपून ठेवली.

मराठी वाचकाला तो काळ वेगळ्या कारणानं आठवेल. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्याला नेमकी शंभर वर्षं झाली त्या वर्षी ॲरनच्या दारात धमक्यांची पोती पडत होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन, आणि ॲरननं ७१५वा होमरन मारला त्याच्या तीन महिने आधी वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली होती. बीडीडीतल्या तरुणांना ॲरनचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण अटलांटात तेव्हा काय चाललं होतं, हे त्यांना कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं.

०००

ॲरन मिलवॉकीला परत येऊन १९७६ मध्ये ७५५वर थांबला. त्याच्या पुढे दोघे गेले.

पहिला सदाहारू ओह, टोकियोच्या योमिउरी जायंट्सचा. पुढचा पाय बगळ्यासारखा उचलून उभा राहणारा हा बॅटर ३ सप्टेंबर १९७७ रोजी कोराकुएन स्टेडियममध्ये ७५६वा होमरन मारून ॲरनच्या पुढे गेला आणि ८६८वर थांबला. जपानमधली मैदानं लहान, पिचिंग वेगळं, म्हणून अमेरिकन वहीत त्याची नोंद नाही. ते समजण्यासारखं आहे. मात्र ओहचीही एक कहाणी आहे. वडील चिनी असल्यानं त्याला जपानी नागरिकत्व नव्हतं आणि शाळेत असताना राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात त्याला याच कारणानं खेळू दिलं गेलं नाही. पुढे त्याच देशानं आपला लोकसन्मान पुरस्कार सर्वांत आधी त्यालाच दिला. ॲरन आणि ओह यांची १९७४च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोत होमरन मारण्याची स्पर्धा झाली. ॲरन १०–९ असा जिंकला. दोघांची मैत्री पुढे कायम टिकली आणि जगभरातल्या मुलांसाठी त्यांनी मिळून बेसबॉलचा मेळावा सुरू केला.

दुसरा बॅरी बाँड्स. ७ ऑगस्ट २००७ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं ७५६वा मारला आणि ७६२वर कारकीर्द संपवली. २००१ मधला त्याचा एका हंगामातला ७३ होमरनचा विक्रमही अजून उभा आहे. उत्तेजक द्रव्यांच्या संशयानं हे सगळं झाकोळलं आहे. जाणूनबुजून घेतल्याचं त्यानं कधी मान्य केलं नाही. ७५६वा चेंडू एका कपडे-व्यावसायिकानं लिलावात साडेसात लाख डॉलरला घेतला, लोकांचं मत मागवलं आणि कौल आला तसा त्यावर शंकेची खूण म्हणून तारा कोरून तो, थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या, कूपर्सटाउनच्या संग्रहालयाला दिला. बाँड्सला तिथे स्थान मिळालेलं नाही. पत्रकारांच्या मतदानातल्या त्याच्या दहाही संधी २०२२ मध्ये संपल्या. बाँड्सच्या ७५६व्या होमरनच्या रात्री ॲरन मैदानात गेला नाही, पण मोठ्या पडद्यावर त्याचा आधीच चित्रित केलेला अभिनंदनाचा संदेश दाखवला गेला. ज्याला स्वतःच्या विक्रमाच्या वेळी मारून टाकण्याची पत्रं आली, त्यानं दुसऱ्याला शुभेच्छा दिल्या. ७६२ हा आकडा वहीतून खोडू नये असं माझं मत आहे. ते होमरन मारले गेले, ते लोकांनी पाहिले. एका माणसाची नोंद खोडायची तर त्या काळातल्या कितीजणांची खोडावी लागेल, हे कुणालाच ठरवता येणार नाही.

०००

आता पुन्हा पिट्सबर्गकडे, जॉश गिब्सनकडे.

तो १९११च्या डिसेंबरात जॉर्जियात जन्मला. वडिलांना पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात काम मिळालं म्हणून कुटुंब उत्तरेला आलं. अठराव्या वर्षी त्याची पत्नी जुळ्यांना जन्म देताना गेली, आणि त्याच वर्षी तो होमस्टेड ग्रेजकडून व्यावसायिक बेसबॉल खेळू लागला. काळ्या खेळाडूंचं आयुष्य बसमध्ये जायचं. लीगचे अधिकृत सामने हंगामाला साठ-सत्तर, बाकी पोट भरण्यासाठी गावोगाव प्रदर्शनी सामने. कधी दिवसाला दोन, कधी तीन. हिवाळ्यात पोर्टो रिको, क्युबा, मेक्सिको. १९३७च्या अखेरीस काळ्यांच्या ‘पिट्सबर्ग कुरियर’ या साप्ताहिकातून गोऱ्यांच्या पिट्सबर्ग पायरेट्सच्या व्यवस्थापकाला तार गेली. गिब्सनसह पाच खेळाडूंची नावं देऊन त्यांना घ्या, संघ विजेतेपदाचा तगडा दावेदार होईल, असं त्यात म्हटलं होतं. उत्तर आलं नाही. १९४३ मध्ये गिब्सनच्या मेंदूत गाठ निघाली. तो खेळत राहिला. २० जानेवारी १९४७ला तो पस्तिसाव्या वर्षी गेला, रॉबिन्सन मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी. त्याच्या कबरीवर १९७५पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता.

१९६९ मध्ये बेसबॉलचा पहिला मोठा आकडेकोश निघाला. कोणत्या लीगना मुख्य मानायचं हे ठरवण्यासाठी पाच जणांची समिती बसली, पाचही गोरे. त्यांनी सहा लीग मान्य केल्या. त्यांत १८८४ साली एकच हंगाम चाललेली, काही संघ अर्ध्यातच गुंडाळले गेलेली युनियन असोसिएशन होती. काळ्यांच्या लीग नव्हत्या. त्यांचा विचार करून त्या नाकारल्या असंही झालं नाही; त्या चर्चेलाच आल्या नाहीत.

हे बदलायला अर्धशतक लागलं. लॅरी लेस्टरसारखे संशोधक वर्षानुवर्षं ग्रंथालयांत बसून काळ्या वृत्तपत्रांच्या सूक्ष्मपटांवरून एकेका सामन्याचा गुणफलक उतरवत होते. कुठे पिचरचं पूर्ण नाव नाही, कुठे अर्धं कात्रण फाटलेलं, कुठे एकाच सामन्याचे दोन पेपरांत दोन हिशेब. त्यातून हळूहळू आकडे उभे राहिले. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलनं १९२० ते १९४८ मधल्या काळ्यांच्या सात लीगना मुख्य लीगचा दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये तेवीसशेहून जास्त खेळाडूंचे आकडे अधिकृत वहीत आले. कारकिर्दीतल्या सरासरीच्या यादीत टाय कॉब .३६७वर जवळजवळ शंभर वर्षं पहिला होता. आता पहिला आहे जॉश गिब्सन, .३७२. एका हंगामातल्या सर्वोच्च सरासरीवरही त्याचंच नाव, १९४३ मधल्या .४६६साठी. आणि फटक्यांच्या ताकदीचं माप असलेली स्लगिंग सरासरी, जिथे रूथ .६९० घेऊन बसला होता, तिथे गिब्सन .७१८.

आक्षेप आले, आणि सगळेच द्वेषातून आलेले नव्हते. साठ-सत्तर सामन्यांच्या हंगामातली सरासरी १५४ सामन्यांच्या हंगामाशेजारी कशी ठेवायची? सापडलेले गुणफलकही सुमारे तीन चतुर्थांशच आहेत. प्रश्न रास्त आहे. पण २०२० साली साथीमुळे मुख्य लीगचा हंगाम साठच सामन्यांचा झाला आणि त्या वर्षीचे सर्वोत्तम बॅटर ठरले, पुस्तकात छापले गेले, कुणी हरकत घेतली नाही. आणि कमी सामने हा गिब्सनचा निर्णय नव्हता. सगळ्यात चांगल्या पिचरांविरुद्ध, सगळ्यात मोठ्या मैदानांत, पूर्ण हंगाम खेळण्यापासून त्याला अडवणाऱ्यांचाच तो निर्णय होता. त्यांनी केलेल्या अन्यायाचाच आधार घेऊन आज त्याच्याच आकड्यांवर शंका घ्यायची, हे मला मान्य होत नाही.

नव्या वहीनं मात्र गिब्सनचं काही काढूनही घेतलं आहे. कूपर्सटाउनच्या फलकावर १९७२ पासून त्याच्या नावापुढे लीगमधले आणि बाहेरचे मिळून जवळजवळ आठशे होमरन लिहिलेले आहेत. अधिकृत वहीत ते दोनशेच्याही आत येतात, कारण बाकीचे गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांतले, कुणी न मोजलेले. होमरनच्या यादीत रूथ, ॲरन, बाँड्सच्या आसपासही तो दिसत नाही.

ॲरनच्या बाबतीत तर गोष्ट आणखी विचित्र आहे. नव्या हिशेबात विली मेजला १९४८ मधल्या बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सचे दहा हिट मिळाले, जॅकी रॉबिन्सनला कॅन्सस सिटी मोनार्क्सचे ४९. मिनी मिन्योसो दोन हजारांच्या पार गेला. ॲरनला काहीच मिळालं नाही. तो क्लाउन्सकडून खेळला १९५२ मध्ये आणि समितीनं रेघ ओढली १९४८वर. तोपर्यंत चांगले खेळाडू निघून गेल्यानं त्या लीगचा दर्जा खालावला होता, हा त्यामागचा तर्क, आणि तो चुकीचा नाही. पण ज्या बसनं तो त्या उन्हाळ्यात फिरला, ज्या हॉटेलात त्याच्या बश्या फुटल्या, त्या प्रवासात मारलेले होमरन कुठल्या तरी पानावर असायला हवेत. एकूण ७५५च राहू द्या. त्याखाली एक ओळ वाढवून इंडियानापोलिस क्लाउन्स, १९५२ असं लिहावं, आणि सापडतील तेवढ्या सामन्यांचे आकडे पुढे भरावेत.